कुठल्या पाळण्याला रोलर कोस्टर म्हणावं

रोलर कोस्टर कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे मी नववीत असताना सेलूत बसून ठरवलं, आणि त्यात काही बदल करावा असं मला आजपर्यंत वाटलेलं नाही. माझी नात आता नववीत आहे. सुट्टीत आली की ती मला फोनवर दाखवते, जगभरातले लोक अजून याच गोष्टीवरून भांडतायत. मोटारीनं शेवटपर्यंत ओढलेली गाडी धरायची की नाही, पाण्यातून जाणारी होडी धरायची की नाही, एकच उतार असला तर चालेल का, असे त्यांचे वाद. "आजी, तू म्हणतेस तेच बरेच जण म्हणतात," असं ती कौतुकानं सांगते. मी तिला म्हणते, मी आधी म्हटलं, ते नंतर म्हणाले, एवढं ध्यानात ठेव. ती कपाळाला हात लावते. पण हे मी कसं ठरवलं आणि त्याचा भुर्दंड कुणाला पडला, ते मी तिला कधी नीट सांगितलेलं नाही. ते इथे लिहिते.

आमचे आण्णा सेलूच्या एका जिनिंग फॅक्टरीत हेडफिटर होते. दिवाळी झाली की गाड्या भरभरून कापूस यायचा आणि जिनिंगची घरघर सुरू व्हायची ती थेट होळीपर्यंत. आमचं घर फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळे ती घरघर आम्हाला ऐकूच येत नसे. बंद पडली की मात्र सगळे एकदम मान वर करायचे, आणि आण्णा भरल्या ताटावरून उठून पायात चपला अडकवायचे. कापसाची तूस घरभर उडायची. माठावर, अंथरुणात, माझ्या वेणीत. माय भाकरी थापताना परातीवर पदर धरायची, तरी एखादा तंतू पिठात जायचाच आणि तव्यावर जळका वास यायचा. आण्णा म्हणायचे, "सरकी जनावरायला, तूस आपल्याला, आन् निस्ता कापूस तेवढा शेठला." त्या दिवसांत तुरीच्या शेंगा भरलेल्या असत आणि आमच्याकडे रोज सोल्याची आमटी. ओले दाणे भाजून वाटायचे, करडईच्या तेलात लसूण लाल होईपर्यंत जाळायचा आणि ते तेल वरून ओतायचं. 'चर्र' आवाज झाला की आम्ही भावंडं ताटं घेऊन बसलोच. आता मी शहरात सोललेल्या दाण्यांची पिशवी आणून तीच आमटी करते. चांगली होते, पण मायच्या हाताची होते असं म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल.

यंत्राची तब्येत आण्णा कानानं बघायचे. हातभर लांबीचा एक पेचकस त्यांच्याकडे होता. चालू यंत्राच्या बेअरिंगवर त्याचं टोक टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. डोळे मिटून ते तसे उभे राहायचे आणि मग सांगायचे की आतली गोळी फुटलीय, का नुसतं वंगण सुकलंय, का अजून एक हंगाम निघेल. त्यांचं सांगणं चुकलेलं मी पाहिलं नाही. म्हणून पिठाची गिरणी असो की विहिरीवरचं इंजिन, लोक आण्णांना बोलवायला यायचे, आणि चंपाषष्ठीच्या जत्रेआधी जत्रा कमिटी यायची. पाळणे चालू करण्याआधी कुणा जाणत्या कारागिराचा दाखला लागायचा, आणि आमच्याकडे जाणता कारागीर म्हणजे आण्णा. दाखला आण्णांचा, पण लिहायची मी. आण्णा निजामाच्या काळात उर्दू शाळेत चार बुकं शिकलेले. मराठी वाचायचे झरझर, पण लिहायला बसले की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची. मी पाचवीत असल्यापासून त्यांचे कागद लिहायचे आणि ते खाली उजवीकडून डावीकडे उर्दूत सही करायचे. सुरुवातीला मजकूर ते सांगायचे. नववीत येईपर्यंत मजकूरही माझाच झाला होता, आणि अधूनमधून मी आण्णांना दुरुस्तही करायला लागले होते. माय म्हणायची, "पोरीला लय शानी करू नगा, सासरी नांदायची न्हाई." मी नांदले, पण शहाणपण सोडून नाही.

त्या वर्षी मैदानात नेहमीचे सगळे आलेच होते. आकाशपाळणा होता, घोड्यांचा पाळणा होता, दोन्ही टोकांना उंच जाणारी होडी होती, लाकडी विहिरीत मोटारसायकल फिरवणारे होते आणि लहान पोरांसाठी गोल रुळावर फिरणारी छोटी आगगाडी होती. त्यांच्या पलीकडे, मैदानाच्या पार टोकाला, आम्ही कधी न पाहिलेलं काहीतरी उभं राहत होतं. लोखंडी खांबांवर चढवलेले रूळ. एका टोकाला दुमजली घराएवढे उंच, मग एकदम खाली, मग परत एक चढ, मग त्याहून लहान एक, आणि वळसा घेऊन पुन्हा पहिल्या जागी. रुळावर चार पिवळ्या डब्यांची गाडी. समोरच्या पत्र्याच्या पाटीवर लाल अक्षरांत 'रोलर कोस्टर', आणि खाली बारीक अक्षरांत 'मराठवाड्यात पहिलाच'. हे सगळं उभं करून घेत होती एक पन्नाशीची बाई. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हातात पान्हा, आणि खांबावर चढलेल्या गड्यांना खालून अशी बोलत होती की गडी मुकाट्यानं नट आवळत होते. तिचं नाव कौसाबाई.

कौसाबाई आणि तिचा नवरा किसन वालूरचे. दोघं दरसाल ऊस तोडायला जायचे. एका साखर कारखान्यावर मोळ्या उतरवता उतरवता किसनचं लक्ष तिथल्या वर्कशॉपकडे गेलं, आणि दोन हंगामांत तो वेल्डिंग शिकून तिथेच लागला. एकदा त्यानं शेंगदाण्याची पुडी घेतली, तर पुडीच्या कागदावर परदेशातल्या रोलर कोस्टरचं चित्र. दाणे खाऊन झाले, कागद त्यानं जपून ठेवला. आधी पोटापाण्यासाठी घोड्यांचा पाळणा केला, आणि मग पाच-सहा वर्षं कारखान्याच्या भंगारातून ट्रॉलीचे जुने रूळ गोळा करत, तापवून वाकवत, जोडत, तोडत ही गाडी बांधली. गाडी उन्हाळ्यात पुरी झाली आणि पावसाळ्यात किसन काविळीनं गेला. हे सगळं कौसाबाईनं आण्णांना पहिल्याच दिवशी पान्हा हातात असतानाच सांगितलं, रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "मालकानं यात एक बी माणूस बसलेला पाह्यला न्हाई. ही पह्यलीच जत्रा."

आणि नेमका त्याच वर्षी कचेरीतून कागद आला. तो घेऊन गिरदावर साहेब आले. तलाठ्याच्या वरच्या साहेबाला आमच्याकडे गिरदावर म्हणतात, आणि हे गिरदावर सज्जन पण कागदाला चिकटून राहणारे होते. दूर कुठल्यातरी जिल्ह्यात जत्रेत अपघात झाला होता, त्यावरून हुकूम निघाला होता की रोलर कोस्टर या प्रकारातली साधनं पुढील आदेशापर्यंत चालवू देऊ नयेत, इतर पाळणे कारागिराच्या दाखल्यावर चालवावेत. रोलर कोस्टर म्हणजे काय, हे त्यात एका ओळीनं सांगितलेलं नव्हतं. हुकूम लिहिणाऱ्यानं तो पाहिला असेल असं मला आजही वाटत नाही. कमिटीचे अध्यक्ष भगवानराव अडतदुकानदार होते, त्यांना पेच पटकन सोडवायची सवय. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? पाटी पुसा, डोंगरगाडी लिवा. झालं." कौसाबाई म्हणाली, "पाटी पुसायची न्हाई." गिरदावर म्हणाले, "आवो, पाटी पुसून माझं भागत न्हाई. हे साधन कोणत्या प्रकारातलं, ते मला लेखी पायजे. मग मी परवानगी तरी देतो, न्हाईतर मनाई तरी करतो." सगळ्यांनी आण्णांकडे बघितलं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "परवा देतो लिवून," ते म्हणाले.

दोन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पिंगळीची आत्या जत्रेसाठी पॅसेंजरनं येऊन उतरली होती, तिनं धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवता बुडवता निकाल देऊन टाकला, "ज्याच्यात पोटात गोळा येतो, त्ये." मी म्हटलं, मग होडीतही येतो, आकाशपाळणा खाली येतानाही येतो, आणि गणिताच्या मास्तरांनी फळ्याशी बोलावलं तरी येतो. माय म्हणाली, जो उंच जातो तो. मी म्हटलं, सगळ्यात उंच आकाशपाळणा, पण तो एका आसावर फिरतो, रात्रंदिवस फिरला तरी कुठे जात नाही. भगवानरावांचं म्हणणं, ज्याच्यावर तसं लिहिलंय तो. उद्या गाढवावर घोडा लिहिलं म्हणून त्याला टांग्याला जुंपणार का? गिरदावरांचा अंदाज होता की रूळ असले की रोलर कोस्टर. पण रूळ त्या छोट्या आगगाडीलाही होते, तिच्यात तीन वर्षांची पोरं बसून भेळ खायची, आणि तिला कुणी रोलर कोस्टर म्हटलं असतं तर पोरंसुद्धा हसली असती. एकेकाची व्याख्या मी हातात घ्यायचे आणि तिच्यातून कोण नको तो आत येतोय, कोण हवा तो बाहेर राहतोय हे दाखवून परत करायचे. आत्या मायला म्हणाली, "वैनी, या पोरीशी कोण बोलल?" पण बोलत सगळेच होते, मला वाटतं सगळ्यांना मजा येत होती.

शेवटी उत्तर मला आण्णांच्या भंगाराच्या डब्यात सापडलं. फुटलेल्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या त्यात असत. मी पत्र्याची एक लांब पट्टी घेतली, कडा वळवून पन्हळीसारखी केली, पाट आणि डबे खाली लावून तिला चढउतार दिले आणि वरच्या टोकाहून गोळी सोडली. गोळी उतरली, आणि कुणी हात न लावता समोरच्या चढावर चढली. पुढचा चढ पहिल्याएवढा उंच केला की ती अर्ध्यातून माघारी यायची, जरा कमी केला की सहज पार. दुपारभर मी तेच करत बसले. माय दोनदा गोळीवरून घसरता घसरता वाचली आणि दोनदा माझा उद्धार झाला. किसननं पुढचे चढ लहान लहान का ठेवले, ते मला तेव्हा कळलं, आणि पुडीच्या कागदावरच्या एका चित्रावरून हे ओळखणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. व्याख्या मी वहीत लिहिली. रूळ पाहिजेत. गाडी एकदा उंचावर नेऊन सोडली पाहिजे. तिथून पुढे तिला ओढणारं, ढकलणारं कुणी नको, ती आपल्या वजनानं उतरली पाहिजे आणि त्याच वेगानं पुढचा चढ चढली पाहिजे. यात पाळणा बसत नाही, होडी बसत नाही, छोटी आगगाडी बसत नाही. आण्णांनी वाचलं आणि म्हणाले, "कौसाबाईच्या गाडीला इंजिन हाय. ते सारखं चालू असतंय." मी म्हटलं, "मग पाहू ना. गाडी वर गेली की इंजिनाचा पट्टा पाडायचा." पट्टा पाडायचा, म्हणजे चाकावरून उतरवायचा, की इंजिनाचं जोर लावणं बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मैदानात गेलो. पाळणेवाल्यांची तपासणीची रीत अशी की माणूस बसवण्याआधी प्रत्येक जागेवर ज्वारीचं पोतं बांधायचं. पोतं ओरडत नाही, पण सुटलं किंवा फाटलं की कुठे हिसका बसतो ते कळतं. चार डब्यांत आठ पोती बांधली. इंजिन भकभक करायला लागलं, साखळीनं गाडीला वर ओढलं, आण्णा खांबाखांबाला पेचकस लावून ऐकत फिरले. गाडी टोकाला पोचली तसा त्यांनी हात केला आणि कौसाबाईनं स्वतः काठी लावून पट्टा पाडला. चाक रिकामं फिरत राहिलं. गाडी वर क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग उतरली. काय तो आवाज, पत्र्याच्या छपरावर दगड ओतल्यासारखा. दुसरा चढ चढली, तिसरा चढली, वळली, आणि हळूहळू येऊन कौसाबाईच्या पुढ्यात उभी राहिली. एकही पोतं हललं नव्हतं. "आपल्याआप आली," आण्णा म्हणाले. कौसाबाई म्हणाली, "मंग? मालक काय खोटं लिवतील का पाटीवर?"

मग पोती सोडली आणि आण्णा पहिल्या डब्यात बसले. मी न विचारता त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला उतरवायला तोंड उघडलं, तेवढ्यात साखळीनं झटका दिला. वरून मला आमची फॅक्टरी दिसली, कापसाच्या गाड्या दिसल्या, रेल्वेचा सिग्नल दिसला, आणि मग काहीच दिसलं नाही. माझी व्याख्या मला पाठ होती, तरी दुसऱ्या चढावर गाडी मंदावली तेव्हा मी जिवाच्या आकांतानं आण्णांचा दंड धरला, कारण गोळी पार होते म्हणून आपणही होऊ, याची मला त्या वेळी अजिबात खात्री वाटेना. पार झालो. खाली आलो तेव्हा आण्णांच्या टोपीचा पत्ता नव्हता आणि ते हसत होते, कामावर असताना ते कधी हसत नसत. मी नंतर हैदराबादला मोठ्या उद्यानात नातीबरोबर उलटीसुलटी होणाऱ्या गाडीत बसले आहे, आणि खांद्यावर लोखंडी पट्टा, पोटावर लोखंडी पट्टा असताना घाबरायचं काय, असं मला वाटलं. भ्यायले ती सेलूतच.

मला घेऊन आण्णा घरी आले. जेवणं झाल्यावर त्यांनी मला कोरा कागद दिला आणि म्हणाले, "लिव. इंजिनावर चालणारा फिरता पाळणा. तपासला, मजबूत हाय, चालवायला हरकत न्हाई." मी दौत उघडलीच नाही. म्हटलं, "आण्णा, तुमी आज डोळ्यानं पाह्यलं." ते म्हणाले, "पाह्यलं. इंजिन हाय का न्हाई? मग इंजिनावर चालतंय. त्या बाईचा सगळा हंगाम या गाडीवर हाय. निस्त्या घोड्याच्या पाळण्यावर कोण बसायलंय आता? तू खरं लिवशील आन् ती परत कोयता घेऊन उसात जाईल." मी म्हटलं, तुम्ही कधी फुटकं बेअरिंग चांगलं म्हणून सांगितलं का? माणसाची अडचण बघून? हे मी बापाला बोलले, आणि मायनं भांडी घासता घासता हात थांबवला. आण्णा रागावले की आवाज चढवत नसत, उलट उतरवत. ते म्हणाले, "फुटकं बेअरिंग चांगलं म्हणलं तर माणूस मरतो. हितं चांगल्या गाडीला दुसरं नाव दिलं तर माणूस जगतो. तुला यातला फरक कळंना का?" मला कळत होता. पण मी ठरवलेली गोष्ट, दुपारभर गोळ्या सोडून, लोकांचे दहा युक्तिवाद मोडून, आणि ती मीच खोटी लिहायची? खरं सांगते, त्या वेळी मला कौसाबाईपेक्षा माझी व्याख्या जास्त प्यारी होती. माय शेवटी म्हणाली, "तुमचं बाप-लेकीचं काय बी असू द्या. गाडी तिची हाय, तिला इचारा की."

म्हणून मी दोन कागद लिहिले, पहिला आण्णांच्या मजकुराचा, दुसरा माझ्या. सकाळी मैदानात कौसाबाई इंजिनापाशी चहा पीत बसली होती. आण्णांनी तिला समजावून सांगितलं की पहिला कागद दिला तर गाडी आजपासून चालेल, दुसरा दिला तर गिरदावर मनाई करतील, आणि असा हुकूम पुढच्या जत्रांनाही लागू पडेल. ती म्हणेल त्या कागदाखाली सही करायला आपण तयार आहोत, असंही ते म्हणाले. आण्णा असं म्हणाले याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं. त्यांच्या हातून खोट्या कागदावर सही होताना मी पाहिली नव्हती. कौसाबाईला वाचता येत नव्हतं. मी मांडी घालून तिच्यासमोर बसले आणि पहिला कागद वाचायला लागले. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की मी तो गोड आवाजात वाचतेय, एकेक शब्द सावकाश, जसं औषध पाजताना आपण पोराला चमचा दाखवतो तसं. तिच्या तळहातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे काळे ठिपके होते, म्हणजे नवऱ्याच्या बरोबरीनं तिनंही ही गाडी जोडली होती. माझ्या मनात एकच होतं, मावशी, हाच घ्या. व्याख्येचं काय, ती माझ्या वहीत राहील. मग दुसरा कागद मी भराभर वाचून टाकला.

"दुसरा परत वाच," कौसाबाई म्हणाली. "हळू."

मी वाचला. गाडी इंजिनानं उंचावर नेली जाते. तिथून ती कोणत्याही यंत्राच्या मदतीशिवाय, स्वतःच्या वजनाने उतरते आणि त्याच वेगाने पुढचे चढ चढून मूळ जागी येते. बांधणी मजबूत आहे. सबब हे साधन रोलर कोस्टर आहे. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुणी बांधला ते लिवलंय का?" मी म्हटलं, न्हाई. "लिव मग." मी ओळीच्या वर जागा करून 'बांधणार, कैलासवासी किसन मारोती, राहणार वालूर' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कैलासवासी खोड. बांधला तवा जित्ता व्हता." मी खोडलं. आण्णा हळूच म्हणाले, "कौसाबाई, इचार कर. तीन दिस जत्रा हाय. लोक पार पिंगळीहून यायलेत." ती म्हणाली, "फिटरसाहेब, दुसऱ्या नावानं चालवायचा असता तर मालकानं घोड्याचे पाळणे चार केले असते. सही करा." आण्णांनी सही केली. पहिला कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला, फाडला आणि तुकडे खिशात घातले.

दहाच्या सुमाराला गिरदावर आले. भगवानराव आले, कमिटीचे लोक आले, आकाशपाळणेवाला आणि होडीवाला काय होतंय ते बघायला येऊन उभे राहिले. गिरदावरांनी कागद उभ्या उभ्या वाचला, पुन्हा एकदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि इंजिनाच्या टपावर ठेवून खाली आपली ओळ लिहिली. सही केली, गोल शिक्का मारला आणि त्यावर फुंकर घातली. खरं तर तो कागद कचेरीत जायचा, पण कौसाबाई म्हणाली, मला यातला एक द्या, शिक्क्याचा. मी लगेच बसून दुसरी प्रत केली आणि गिरदावरांनी कुरकुर न करता तिच्यावरही शिक्का उठवला. भगवानराव मला म्हणाले, "झालं समाधान पोरी तुझं?" मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. कौसाबाईनं प्रत हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली. गिरदावर सज्जन होते, त्यांना वाटलं बाईला अक्षर कळत नाही, उगाच घोटाळा नको. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, नीट ध्यानात घ्या. याच्यावर मनाई लिवलीय."

"ते खाली हाय, साहेब," कौसाबाई म्हणाली आणि तो कागद तिनं माझ्याकडे दिला. "वर काय हाय, ते वाच गं माय. सगळ्यायला ऐकू जाऊ दे."

मी डोळे पुसले, उभी राहिले आणि वरचं वाचलं.